पीएसक्यूएल: हत्यार झकास, पण कडी तुमची तुम्हीच लावायची (५ पैकी साडेतीन)

साडेतीन तारे बघून लगेच भांडायला येऊ नका, आधी पूर्ण वाचा. मी गेली अकरा वर्षं पोस्टग्रेस या डेटाबेसवर पोट भरतेय, त्याला कमांड टाइप करून द्यायची पीएसक्यूएलची काळी खिडकी सकाळी चहाच्या आधी उघडते ती संध्याकाळी बॅग भरेपर्यंत बंद होत नाही, त्यामुळं या टूलबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. पण गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही ऑफिसात एक प्रयोग केला आणि त्यानंतर पाच तारे द्यायला हात धजेना. चोरी वगैरे काही झाली नाही, आम्हीच आमच्या घरात चोर बनून शिरून बघितलं, ते खाली सांगते.

आधी आमचं सांगते म्हणजे संदर्भ लागेल. सांगलीत छोटं ऑफिस आहे, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, पिग्मी, ठेवी, सोनेतारण, कर्जवसुली सगळं. डेटाबेस होस्टिंगवाल्याकडं आणि शाखा तालुक्याच्या गावांत, तिथं मिळेल ते नेट, कुठं केबलवाल्याचं, कुठं मॅनेजरच्या मोबाईलचा हॉटस्पॉट. आणि आमचं जुनं डेस्कटॉप अॅप शाखेतल्या पीसीवरून थेट डेटाबेसला जोडतं. हो हो माहितीये, मध्ये एपीआय पाहिजे, व्हीपीएन पाहिजे, शिव्या घालायच्या तर घाला, ज्यानं हे लिहिलं तो आता कॅनडात आहे आणि आम्ही निस्तरत बसलोय.

तर पीएसक्यूएल. फुकट आहे, पोस्टग्रेसबरोबरच येतं, माऊस लागत नाही, चौदा वर्षं जुन्या लॅपटॉपवरपण पळतं. टॅब दाबला की टेबलाचं नाव पूर्ण होतं, उलटा स्लॅश आणि वॉच लिहिलं की तीच क्वेरी दर दोन सेकंदाला आपोआप चालते, मार्चएंडला व्याज पोस्टिंग चालू असताना मी तेच लावून बसते. उलटा स्लॅश जीएक्झेक तर मला वाटतं जगातलं सगळ्यात कमी कौतुक झालेलं फीचर आहे, क्वेरीनं बनवलेल्या क्वेऱ्या तिथल्या तिथं चालवून देतं. या बाबतीत माझी काही तक्रार नाही, रंगीत बटणांची टूल्स वापरून शेवटी परत इथंच येते मी.

तक्रार आहे ती जोडणीबद्दल, आणि ती एकट्या पीएसक्यूएलची नाही, त्याच्या पोटात जे लिबपीक्यू आहे त्याची. सर्व्हरशी बोलायचं सगळं काम ते लिबपीक्यू करतं. पायथनमधून पोस्टग्रेसला जोडणारं सायकोपीजी असो, पीएचपीचं पोस्टग्रेस एक्स्टेन्शन असो, रुबीचं पीजी जेम असो, सगळ्यांच्या आत हेच. पीजीअॅडमिन हे बटणांचं टूलपण आतून सायकोपीजीच वापरतं. म्हणजे तुम्ही पीएसक्यूएल कधी उघडलं नसेल तरी हा रिव्ह्यू तुमच्यासाठी आहे.

या लिबपीक्यूला एसएसएलमोड म्हणून एक सेटिंग आहे (एसएसएल, नव्या नावानं टीएलएस, म्हणजे लाइनवरचं बोलणं कुलूपबंद, एन्क्रिप्ट, करायची पद्धत), त्याच्या सहा पायऱ्या आहेत: डिसेबल, अलाव, प्रिफर, रिक्वायर, व्हेरिफाय-सीए आणि व्हेरिफाय-फुल. तुम्ही काहीच लिहिलं नाही तर मिळतं प्रिफर. प्रिफरचा अर्थ असा की सर्व्हर एन्क्रिप्शन देत असेल तर घे, नसेल देत तर तसंच उघड्यावर बोल. बरं हे वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, पोस्टग्रेसच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की सुरक्षेच्या दृष्टीनं या डीफॉल्टला काही अर्थ नाही, फक्त जुन्या गोष्टी मोडू नयेत म्हणून ठेवलंय. स्वतःच लिहितात आणि स्वतःच ठेवतात. २०२५ मध्ये १८ नंबरची आवृत्ती आली, तिच्यातपण डीफॉल्ट तेच.

आता प्रयोग. झालं असं की एका संस्थेच्या ऑडिटरनं विचारलं, शाखा ते सर्व्हर लाइन सुरक्षित आहे का, लेखी द्या. मी म्हणलं देऊया, आणि खात्री म्हणून ओंकारला, आमचा ज्युनिअर, सांगितलं जरा बघ रे. तो म्हणाला, "मॅडम, सर्व्हरवर आपण हॉस्टएसएसएल लावलंय की, एसएसएल नसेल तर तो आतच घेत नाही, मग कसलं टेन्शन?"

हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मीपण तेच बोलायचे.

पिग्मीचं उदाहरण घ्या. संस्थेनं ऑफिसच्या दारात वॉचमन बसवला, ओळखपत्र बघितल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही, उत्तम. पण बाजारात भाजीवाल्या मावशींकडं कुणीतरी पावतीपुस्तक घेऊन उभा राहिला, मी तुमचा एजंट, द्या आजचे पैसे, आणि मावशींनी न विचारता दिले, तर त्यात वॉचमन काय करणार? तो माणूस ऑफिसला आलाच नाही ना. हॉस्टएसएसएल म्हणजे तो वॉचमन. चोर सर्व्हरकडं जातच नाही, तो रस्त्यात सर्व्हरचा शर्ट घालून उभा राहतो, आणि ओळखपत्र विचारायचं काम मावशींचं, म्हणजे क्लायंटचं असतं.

ओंकारनं पायथनमध्ये साठेक ओळींचा नकली सर्व्हर लिहिला. टेस्टच्या पीसीवर होस्ट्स फाइलमध्ये आमच्या डेटाबेसचं नाव त्याच्या लॅपटॉपकडं वळवलं, म्हणजे शाखेतला राउटर कुणी हातात घेतला तर जे होईल तेच. मग मी टेस्ट पीसीवर पीएसक्यूएल चालू केलं, नेहमीसारखं, एसएसएलमोड न लिहिता.

आता आत काय होतं ते जवळून बघा कारण सगळी गंमत तिथं आहे. क्लायंट पहिल्यांदा फक्त आठ बाइट पाठवतो. चार बाइट लांबीचे आणि चार बाइटमध्ये एक ठरलेला आकडा, ८०८७७१०३, अर्थ एवढाच की एसएसएल बोलायचं का? सर्व्हरनं उत्तर द्यायचं एका अक्षरात. एस म्हणजे हो, एन म्हणजे नाही. एक अक्षर, आणि तेसुद्धा उघड्यावर, कारण एन्क्रिप्शन अजून सुरूच झालेलं नाही. ओंकारच्या प्रोग्रॅमनं एन पाठवलं. पीएसक्यूएलनं मुकाट्यानं ऐकलं आणि युजरचं नाव, डेटाबेसचं नाव साध्या अक्षरात पाठवून दिलं. मग नकली सर्व्हरनं म्हणलं पासवर्ड दे, पण साधा, स्क्रॅम वगैरे काही नको. आणि पुढच्या क्षणाला ओंकारच्या स्क्रीनवर आमचा पासवर्ड, शेवटच्या अॅट १२३ सकट. तो पासवर्ड मीच ठेवलेला, त्यामुळं लाज दोन प्रकारची वाटली.

आम्ही सर्व्हरवर स्क्रॅम लावलेलं होतं बरं का. स्क्रॅम २०१७ साली १० नंबरच्या आवृत्तीत आलं, त्यात खरा पासवर्ड तारेवरून जातच नाही, भारी गोष्ट आहे. पण कुठल्या पद्धतीनं ओळख पटवायची हे ठरवतो समोरचा, आणि समोरचा चोर असेल तर तो कशाला स्क्रॅम मागेल? साधा पासवर्ड माग म्हणलं की लिबपीक्यू देतं काढून.

आणि माझ्या बाजूला काय दिसलं? सर्व्हरनं अचानक कनेक्शन बंद केलं असा मेसेज. बस. हा मेसेज आमच्याकडं केबलवाल्याची वायर हलली तरी येतो, शाखेतली कॅशिअर काय करेल, परत लॉगिन करेल आणि दुसऱ्या वेळेला खऱ्या सर्व्हरला जोडलं जाईल. कुणाला कळणारपण नाही. ओंकारनं नंतर प्रोग्रॅम अजून वाढवून मधल्यामध्ये खऱ्या सर्व्हरकडं सगळं पुढं पाठवून बघितलं, तेव्हा तर कनेक्शन तुटलंसुद्धा नाही, पीएसक्यूएल व्यवस्थित उघडलं, क्वेऱ्या चालल्या. फरक एवढाच की उघडल्यावर एरवी जी एक ओळ येते, एसएसएल कनेक्शन, प्रोटोकॉल अमुक, सायफर तमुक, ती आली नाही. धोक्याची खूण काय, तर एक ओळ कमी. नसलेली ओळ कोण वाचतं हो? अर्धा तारा मी इथंच कापलाय. लाल अक्षरात एक वॉर्निंग द्यायला काय जात होतं.

ओंकार म्हणाला, "मॅडम, मग रिक्वायर करू." केलं. एन पाठवल्यावर यावेळी पीएसक्यूएलनं खरंच नकार दिला, सर्व्हर एसएसएल देत नाही म्हणून थांबलं. आम्ही खूश. मग ओंकारनं दोन मिनिटांत स्वतःच स्वतःला दिलेलं सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, बनवलं, नावाच्या जागी चक्क 'चोर' लिहिलं, आणि यावेळी एस पाठवलं. पीएसक्यूएलनं 'चोर' नावाचं सर्टिफिकेट घेतलं, टीएलएस १.३ लावलं, एकदम कडक एन्क्रिप्शन, आणि त्या एन्क्रिप्शनच्या आतून पासवर्ड चोराच्या हातात नेऊन दिला. रिक्वायर म्हणजे पाकीट चिकटवून द्यायचं, कुणाला देतोय ते बघायचं नाही. आणि मजा म्हणजे आमच्या होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमध्ये कॉपी करायला जी कनेक्शन स्ट्रिंग असते तिच्या शेवटी एसएसएलमोड रिक्वायरच लिहिलेलं असतं, आणि शेजारी हिरवं कुलूप.

(रिक्वायरची अजून एक चमत्कारिक सवय आहे. घरच्या फोल्डरमध्ये ठरलेल्या जागी रूट सर्टिफिकेटची, म्हणजे ओळखपत्रं देणाऱ्याच्या स्वतःच्या सर्टिफिकेटची, फाइल पडलेली असेल तर तेच रिक्वायर गुपचूप व्हेरिफाय-सीएसारखं वागायला लागतं. म्हणजे तीच कमांड माझ्या मशीनवर नकार देते आणि ओंकारच्या मशीनवर चालते, यात आमची एक दुपार गेली.)

व्हेरिफाय-सीए सर्टिफिकेट कुणी दिलं, म्हणजे ते देणारी संस्था (सीए) कुठली, एवढंच बघतं, नाव बघत नाही. तुमच्या स्वतःच्या खासगी सीएचं असेल तर ठीक, पण सगळ्या जगाला फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या सीएवर भरवसा ठेवून हा मोड लावलात तर चोरपण तिथूनच सर्टिफिकेट घेऊन येईल. पुढं. व्हेरिफाय-फुल लावलं आणि पीएसक्यूएलनं 'चोर'ला दारातच हाकललं, सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड, पासवर्डचा विषयच निघाला नाही. सहा पायऱ्यांतली ही एकच पायरी बिनधास्त लावण्यासारखी, आणि नेमकी तीच लावायला सगळ्यात जास्त कटकट.

कटकट अशी. नुसतं व्हेरिफाय-फुल लिहिलं की पीएसक्यूएल म्हणतं रूट सर्टिफिकेटची फाइल सापडत नाही, आणि त्याच मेसेजमध्ये तीन पर्याय देतं: फाइल द्या, नाहीतर सिस्टिमची सर्टिफिकेटं वापरा, नाहीतर एसएसएलमोड बदलून तपासणीच बंद करा. आता संध्याकाळचे सात वाजलेत, क्लायंटचा फोन चालू आहे, या तिन्हीतला कुठला पर्याय माणूस निवडेल सांगा? मी स्वतः दोन वेळा तिसरा निवडलाय, पूर्वी.

दुसरा पर्याय मात्र खरंच सोन्यासारखा आहे आणि तो २०२३ च्या १६ नंबरपासून आलाय. एसएसएलरूटसर्ट बरोबर सिस्टिम असं लिहायचं, मग ब्राउझरसारखं आधीपासून भरवशाच्या ठरलेल्या सीएंच्या सर्टिफिकेटांवरून तपासणी होते, फाइल वाहून न्यायची गरज नाही. आणि त्याच्याबरोबर मोड आपोआप व्हेरिफाय-फुल होतो, तुम्ही शहाणपणा करून रिक्वायर लिहिलंत तर चक्क एरर देतं की हा मोड कमजोर आहे, चालणार नाही. असा करारीपणा मला आवडतो. कापलेला अर्धा तारा इथं परत द्यावासा वाटला होता. पण हे चालतं फक्त सर्व्हरचं सर्टिफिकेट सार्वजनिक सीएचं असेल तर. अॅमेझॉनच्या आरडीएसवर तिथं त्यांचा स्वतःचा सीए असतो, त्यामुळं त्यांची ग्लोबल बंडल फाइल उतरवून तीच द्यावी लागते. आमच्या होस्टिंगवाल्याचंपण तसंच, खासगी सीए.

तर त्या होस्टिंगवाल्याला तिकीट टाकलं, सीएची फाइल द्या. पहिलं उत्तर, मॅडम कनेक्शन ऑलरेडी एन्क्रिप्टेड आहे, काळजी नसावी. दुसरं उत्तर, एसएसएलमोड रिक्वायर करून बघा. तिसऱ्याला मी 'चोर'चा स्क्रीनशॉट जोडला. चौथ्या दिवशी फाइल आली, आणि तीपण व्हॉट्सअॅपवर. ज्या फाइलच्या भरवशावर सगळी ओळख पटवायची ती अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअॅपवर, मी हसावं का रडावं. शेवटी फोनवर त्यांच्या सीनिअरकडून फिंगरप्रिंट, म्हणजे फाइल तीच आहे हे दाखवणारा आकड्या-अक्षरांचा ठसा, वाचून घेतला, चौसष्ट अक्षरं, तो वाचतोय आणि मी पेन्सिलीनं टिकमार्क करतेय, शेजारच्या टेबलावरचे लोक बघतायत.

आता तुम्ही म्हणाल व्हेरिफाय-फुल लावलं की सुटलो. बऱ्यापैकी. पण २०२१ चं प्रकरण माहिती असू द्या, कारण त्यात व्हेरिफाय-फुलवालेपण सापडले होते. सीव्हीई-२०२१-२३२२२ हे क्लायंटचं आणि २३२१४ हे सर्व्हरचं, जोडीनं आलेली (सीव्हीई म्हणजे सापडलेल्या सुरक्षेच्या भोकाचा नोंदणी नंबर). मघाशी सांगितलं ना एक अक्षर उघड्यावर येतं, एस. मधल्या माणसानं ते एस खरंखुरं पुढं जाऊ द्यायचं, पण त्याच्या शेपटीला स्वतःचे काही बाइट चिकटवायचे. लिबपीक्यू ते सगळं एकदम वाचून आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, ठेवायचं, मग टीएलएसची बोलणी करायचं, सर्टिफिकेट तपासायचं, सगळं चोख, आणि त्यानंतर बफरमध्ये आधीपासून पडलेले ते बाइट जणू एन्क्रिप्शनच्या आतून आलेत असं समजून वापरायचं. म्हणजे दार लावून घेतलं पण माणूस आधीच पलंगाखाली. ईमेलच्या स्टार्टटीएलएसमध्येपण हाच रोग निघालाय, जिथं जिथं आधी उघड्यावर बोलून मग कुलूप लावायची पद्धत आहे तिथं हा असतो. जेकब चॅम्पियन नावाच्या पोस्टग्रेसवाल्यानं हे कळवलं आणि ११ नोव्हेंबर २०२१ ला १४.१, १३.५, १२.९ वगैरे सगळ्या चालू आवृत्त्यांत दुरुस्ती आली. आता एसच्या मागं एक बाइट जरी जास्त आला तरी लिबपीक्यू कनेक्शन तोडतं. त्यांचं काम चोख असतं हे मानायलाच पाहिजे, एकाच दिवशी सहा आवृत्त्या.

पण दुरुस्ती आली म्हणजे तुमच्याकडं आली असं नाही, आणि हे आमचं सगळ्यात मोठं गाढवपण. सर्व्हर अपडेट, पीएसक्यूएल अपडेट, मी छाती फुगवून. ओंकारनं शाखेच्या अॅपमध्ये सायकोपीजीला विचारलं तुझ्या आत कुठलं लिबपीक्यू आहे, तर उत्तर आलं १३०००३. म्हणजे १३.३. दुरुस्ती १३.५ मध्ये. कारण सायकोपीजीचं जे बायनरी पॅकेज असतं ते स्वतःचं लिबपीक्यू आणि एन्क्रिप्शन करणारं स्वतःचं ओपनएसएसएल पोटात घेऊन येतं, बाहेर तुम्ही काहीही अपडेट करा त्याला पत्ता नसतो. पायथनवाल्यांनो आजच्या आज विचारून बघा, एक ओळीचं काम आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरात अजून एक आलं, सीव्हीई-२०२४-१०९७७, ते किरकोळ आहे पण मला फार आवडलं. सर्टिफिकेट तपासायच्या आधीच मधल्या माणसानं एक लांबलचक एरर मेसेज पाठवायचा, इतका व्यवस्थित मांडलेला की पीएसक्यूएलच्या खिडकीत तो क्वेरीच्या उत्तरासारखा दिसावा. कॉम्प्युटर फसत नाही, बघणारा माणूस फसतो. १७.१ मध्ये बंद केलं.

१७ मध्येच एक चांगली सोय आलीये, एसएसएलनिगोशिएशन बरोबर डायरेक्ट. ते एस-एनचं नाटकच नाही, पहिल्या बाइटपासून थेट टीएलएस. सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही १७ किंवा पुढचे लागतात आणि मोड किमान रिक्वायर लागतो. आणि १६ पासून रिक्वायरऑथ म्हणून सेटिंग आहे, त्यात स्क्रॅम लिहून ठेवलं की समोरच्यानं साधा पासवर्ड मागितला तर लिबपीक्यू देतच नाही. ही दोन्ही मी लावलीयेत. पण परत तेच, दोन्ही तुम्ही मागितली तर, आपणहून नाही.

मायएसक्यूएलवाले, म्हणजे दुसऱ्या डेटाबेसवाले, इथं येऊन हसणार असतील तर थांबा. तुमच्याकडं २०१५ ला बॅक्रोनिम नावाचं भोक निघालं होतं, क्लायंटला एसएसएल पाहिजे असं सांगितलं तरी तो ते विनंतीसारखं घ्यायचा आणि नाही मिळालं तर उघड्यावर बोलायचा. त्याची दुरुस्ती अर्धवट निघाली म्हणून २०१७ ला रिडल आलं, त्यात एसएसएल आहे का ही तपासणी पासवर्डची बोलणी झाल्यावर व्हायची. शिवाय लोड डेटा लोकल ही कमांड, जिच्यात नकली सर्व्हर तुमच्याच पीसीवरची फाइल मागू शकतो. ८.० मध्ये ते डीफॉल्ट बंद केलं. मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबीनं मात्र ११.४ पासून क्लायंटला सर्टिफिकेट तपासणं डीफॉल्टच करून टाकलं. करता येतं की मग! पोस्टग्रेसनं जुन्यांची काळजी अजून किती वर्षं घ्यायची.

एक वेगळा अनुभव सांगते कारण तोपण क्लायंटवरच्याच हल्ल्याचा आहे. २०२५ च्या ऑगस्टनंतर आमच्या बॅकअपच्या फाइली स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, चढेनात, पहिल्याच ओळीवर एरर, रिस्ट्रिक्ट नावाची कमांड माहिती नाही. मला वाटलं फाइल खराब झाली. शोधल्यावर कळलं सीव्हीई-२०२५-८७१४, ज्या सर्व्हरवरून डंप, म्हणजे ती बॅकअपची फाइल, घेतला त्याचा सुपरयुजर (सगळे अधिकार असलेला युजर) बदमाश असेल तर तो डंपमध्ये अशा ओळी घुसवू शकायचा की तुम्ही तो पीएसक्यूएलनं चढवताना तुमच्याच मशीनवर त्याच्या कमांड चालाव्यात. उपाय म्हणून आता डंपच्या सुरुवातीला रिस्ट्रिक्ट आणि एक रँडम किल्ली येते, शेवटी अनरिस्ट्रिक्ट, मधल्या भागात पीएसक्यूएल उलट्या स्लॅशच्या बाकी कमांड मानत नाही. आमच्या स्टेजिंगवरचं पीएसक्यूएल जुनं होतं, चूक आमचीच. पण ती किल्ली दर वेळी बदलते, त्यामुळं गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवणारं टूल) स्कीमाची, म्हणजे टेबलांच्या रचनेची, फाइल ठेवणाऱ्यांना काही न बदलता रोज दोन ओळींचा फरक दिसतो, आठवडाभर ओंकार विचारत होता, "मॅडम, स्कीमाला हात कुणी लावला?"

शाखांमध्ये लावताना दोन ठिकाणी अडकलो, ते लिहून ठेवते कुणाच्या उपयोगी पडलं तर. आम्ही शाखेच्या पीसीवर पीजीएसएसएलमोड हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (पीसीवरच ठेवलेली सेटिंग) व्हेरिफाय-फुल केलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी ओंकारचा 'चोर' परत आत. कारण अॅपच्या कॉन्फिग फाइलमध्ये होस्टिंगवाल्याची ती जुनी स्ट्रिंग होती, आणि स्ट्रिंगमध्ये जे लिहिलंय तेच चालतं, एन्व्हायरन्मेंट फक्त न लिहिलेल्या जागा भरतं. आणि दुसरं, दोन शाखांत नावाऐवजी आयपी टाकलेला होता, सर्टिफिकेटमध्ये आयपी नाही, त्यामुळं व्हेरिफाय-फुल बरोबर अडवतं. तिथं नाव टाकून घेतलं. पासवर्ड फाइलचंपण बघा जाता जाता, लिनक्सवर पीजीपासची परवानगी ०६०० पेक्षा सैल असेल तर लिबपीक्यू फाइल वाचतच नाही आणि तसं सांगतं, विंडोजवर ही तपासणीच नाही, आणि आमच्या शाखा सगळ्या विंडोजवर.

तर तारे. टूल म्हणून पाच. डीफॉल्टबद्दल एक कापला, गायब ओळीबद्दल अर्धा. सिस्टिमवाल्या सोयीसाठी वाढवणार होते पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही म्हणून राहू दिलं. घ्यावं का? फुकट आहे, घ्याच. फक्त पहिल्या दिवशी व्हेरिफाय-फुल लावा आणि होस्टिंगवाल्याच्या पॅनेलवरची स्ट्रिंग जशीच्या तशी चिकटवू नका.

ऑडिटरला लेखी दिलं, दोन महिने उशिरा. एकवीस शाखा झाल्या. बावीसाव्या शाखेतून सोमवारी सकाळी फोन, "मॅडम, सॉफ्टवेअर उघडंना, सर्टिफिकेट फेल म्हणतंय, तुम्ही काय ते नवीन केल्यापासून." मला धडकीच भरली, म्हणलं खरंच कुणी मध्ये बसलंय का. ऑडिटरला परत काय तोंड दाखवायचं. कॅशिअरताईंना म्हणलं ताई, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतीये बघा जरा. म्हणाल्या, "एक जानेवारी दोन हजार नऊ." मदरबोर्डचा सेल मेलेला. सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही असं त्या पीसीचं म्हणणं, आणि त्याच्या हिशोबानं बरोबरच होतं. समोरच्या मोबाईलच्या दुकानातून सेल आणला त्यांनी, अकराला काउंटर चालू.